अमेरिकन गेली, जपानी आली

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा बंद पडली! धायरीला. माझे डोळ्यांत घालायचे थेंब आणायला हे कोथरूडला गेले होते — कर्वेनगरहून कोथरूड, हाकेच्या अंतरावर — आणि फोन आला धायरीहून. "मंदा, गाडी बंद पडली." धायरीला कशाला गेला होतात, विचारलं. तर म्हणे, "इंजिनाचा आवाज येत होता, जरा लांबवर नेऊन बघत होतो." वा! आवाज ऐकायला धायरी.

नक्की कुठे, तेही धड सांगता येईना. समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली, ती मी संतोष मेकॅनिकला कळवली. तो गेला, किल्ली फिरवली, गाडी चालू! मग तो स्कूटरवर पुढे, हे गाडीत मागे, अशी वरात घरी आली.

ह्या अमेरिकन गाडीनं माझा जीव घ्यायचं ठरवलं आहे.

९ जानेवारी

संतोष म्हणतो, "काकू, मला काहीच सापडत नाही. बॅटरी नवी, पंप चांगला. मी नेली की गपगुमान चालते." सापडणार कसं? कंपनीच देश सोडून गेली. घेतली तेव्हा हे तिच्या दारावर टकटक करून म्हणाले होते, "पत्रा बघ, पत्रा! अमेरिकन म्हणजे रणगाडा." आता रणगाडा आमच्याकडे आणि सैन्य पळालेलं. साधा आरसा फुटला तर संतोष गावभर शोधतो.

आणि वरच्या मजल्यावरचे श्यामसुंदर. त्यांची जपानी गाडी आमच्याहून जुनी. वर्षातून एकदा तेल बदलतात, संपला विषय. आज लिफ्टमध्ये म्हणाले, "काय मंदाकिनीताई, रणगाडा सध्या कुठल्या आघाडीवर?" मी हसले. घरात येऊन दार लावलं आणि रडले.

२२ जानेवारी

स्वरालीचा टोरांटोहून फोन. "आई, तुला काचबिंदू, बाबा पंचाहत्तरीचे, गाडी भररस्त्यात बंद पडते. मी इथे झोपू शकत नाही. तळेगावची ती ज्येष्ठांची वसाहत बघून ठेवली आहे. नाहीतर विश्वासाची गाडी घ्या. दोन्हीतलं एक!"

लेकीचं चुकत नाही. पण तळेगाव! घंटा झाली की जेवायचं, घंटा झाली की प्रार्थना. मला माझ्या ओट्याशी उभं राहून म्हातारं व्हायचं आहे. मी गाडी चालवणं सोडलं त्यालाही काळ लोटला. रिक्षावाल्यांचं तर सांगूच नये — "नाही" म्हणायलासुद्धा तोंड उघडत नाहीत, नुसती मान हलते. डोळ्यांचा दवाखाना, मंडई, माझी बहीण, सगळं ह्यांच्या गाडीवर. गाडी चालली तर हे घर. नाहीतर तळेगाव.

४ फेब्रुवारी

डोळ्यांची तपासणी चुकली. हे "पेट्रोल भरून येतो, तू फाटकाशी थांब" म्हणून गेले. मी पर्स मांडीवर घेऊन वॉचमनच्या खुर्चीत. येणारा-जाणारा विचारतोय, काय काकू, कुठं निघालात? शेवटी फोन. "गाडी बंद पडली." कुठं? खराडीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला!

संध्याकाळी विचारलं. "पूल चढलो, मग उतरायला जागाच नाही. पूर्वी असं नव्हतं." अहो, मग कुणाला तरी विचारायचं! "जन्म पुण्यात गेला माझा. मी पत्ता विचारू?" खरंच आहे. ह्यांच्या घराण्यात पत्ता सांगतात, विचारत नाहीत.

डोळ्यांतला दाब वाढला असेल का? वाढला असला तरी मला कळणार नाही. कळेल तेव्हा उशीर झालेला असेल, असं डॉक्टरच म्हणतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोलले एकदाची. ही विकायची आणि जपानी घ्यायची. हे ताटावरून उठले!

"तिला काही झालेलं नाही."

"मग बंद का पडते?"

खरकट्या हातानंच किल्ली उचलून खिशात घातली. एका गाडीसाठी इतकं? माझ्यासाठी कधी ताटावरून उठले नाहीत.

१७ फेब्रुवारी

अबोला.

१ मार्च

शोरूम. सृष्टी नावाची गोड मुलगी माहिती देत होती. "सर, जपानी इंजिन आहे. बॉनेट उघडायची वेळच येणार नाही तुमच्यावर." मी म्हटलं, अहो ऐका, ऐका.

ह्यांनी विचारलं, "म्हणजे बंद पडतच नाही?"

"नाही सर!"

"कधीच?"

ती हसली, तिला गंमत वाटली. ह्यांचा चेहरा मात्र असा पडला की ती पाणी आणायला उठली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हौसेनं गाडी घ्यायला आलेली माणसं अशी दिसतात का?

३० मार्च, पाडवा

पांढरी गाडी दारात आली. हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबू, सगळं केलं. श्यामसुंदर पेढा खात म्हणाले, "आलात शेवटी वळणावर." ह्यांनी नुसतं पेढ्यांचं खोकं पुन्हा त्यांच्यापुढे धरलं. एरवी सोडलं नसतं.

जुनी गाडी मांजरी गावच्या नागोरावांनी विकत नेली. जाताना ह्यांनी तिच्या टपावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. नागोराव बिचारे किल्ली हातात घेऊन उभे. खोटं कशाला लिहू, मलाही भरून आलं.

१७ एप्रिल

गाडी नुसती उभी आहे. आज ऊन आहे. आज गुडघा दुखतोय. आज रस्ते खणलेत. रोज सकाळी खाली जाऊन पुसतात मात्र, लग्नातल्या नवरीसारखी. मी दवाखान्यात रिक्षानं जाऊन आले — दाब वाढलाय. थेंब बदलून दिले.

आल्यावर भांडले. तोंडाला येईल ते बोलले. "अमेरिकन असती तर आला असतात!"

"हो, आलो असतो," म्हणाले. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच दोन पेले पाणी प्यायले.

स्वराली विचारते, मग घेतली कशाला? काय सांगू तिला. ती पुन्हा तळेगावचं काढते आणि मला आता "नाही" म्हणायचाही कंटाळा आला आहे. काय करायचं ते करा. थकले मी.

२४ एप्रिल

नागोरावांचा फोन. म्हटलं, गाडी परत करतायत की काय!

"वहिनी, सोनं दिलंत बघा! कोकणात जाऊन आलो, घाट चढली-उतरली, एकदा बी खोकली न्हाई. लय गुणाची गाडी हाय."

फोन ठेवला. मग आमच्याकडेच काय खुपत होतं तिला? ह्यांना सांगितलं. वाटलं उसळतील, बघ, मी म्हणत नव्हतो! तसं काही नाही. "चांगलीच होती गं ती," इतकंच म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले. दिवसभर मला राग येतोय. कुणाचा, ते कळत नाही.

२८ एप्रिल

काही लिहावंसं वाटत नाही.

२ मे, शुक्रवार

आज हट्टानं ह्यांना दही आणायला पाठवलं, गाडी घेऊनच. उभी राहून बॅटरी उतरेल म्हटलं. बऱ्याच वेळानं फोन आला. "मंदा, गाडी बंद पडली."

फोनमध्ये त्यांच्या आवाजामागे एसी घूं घूं करत होता. इंडिकेटर टिकटिक वाजत होता. इंजिन चालू होतं.

मी नेहमीसारखं विचारलं, समोर पाटी काय आहे, वाचा. त्यांनी सावकाश, एकेक शब्द वाचून दाखवला. पाटी आमच्या फाटकावरची होती.

गॅलरीत गेले. गाडी खालीच उभी होती. "तिथंच थांबा," म्हटलं, "मी येते घ्यायला."