बाबांना मारल्याबद्दल

शिकागो, ७ फेब्रुवारी १९८६

चि. रिमास यास अ. उ. आ.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून पत्र. सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण आहे. तुझा फोटो छान आलाय आणि खाली छापलंय की गुरुवारच्या मालिकेतला तुझा बडबड्या बसचालक म्हणजे तुझ्या दिवंगत वडिलांना श्रद्धांजली आहे. दिवंगत! बाबा इथे माझ्यासमोर बीट सोलतायत.

रविवारी शेजारच्या सिसरो गावातल्या ओनाकाकू काळे कपडे घालून, कुगेलिसचं भांडं घेऊन सांत्वनाला आल्या. दार बाबांनीच उघडलं. भांडं पडता पडता वाचलं. बाबांनी काकूंना बसवलं, कॉफी दिली, बटाट्याचा तो कुगेलिस आंबट साय घालून दोनदा वाढून घेतला. काकू गेल्यावर कात्रण वाचून घडी घातली आणि तेव्हापासून तुझं नाव काढत नाहीत. काल टीव्हीही लावू दिला नाही. मेलेल्याला कसला टीव्ही, म्हणाले.

जगाला हसवायला तुला घरचाच माणूस मारावा लागला का रे? ते जिवंत आहेत असं त्या लोकांना सांग, आणि लवकर सांग.

लोभ आहेच, वाढावा असं मात्र तू सध्या वागत नाहीस.

तुझी ताई,
दानुते


लॉस एंजेलिस, ११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. सगळ्या माझ्याच आहेत.

शिकागोतलं आमचं तळघरातलं थिएटर तू पाहिलंयस. प्रेक्षकांनी एक शब्द द्यायचा आणि आम्ही संहितेशिवाय प्रवेश उभा करायचा. नियम एकच: समोरचा जे म्हणेल ते नाकारायचं नाही, हो म्हणून पुढे जोडायचं. बारा वर्षं तेच केलं. इथे निवडीच्या वेळी मी बाबा केले, थांब्यांची नावं ओरडता ओरडता प्रवाशांच्या लग्नाची चौकशी करणारे. सगळे लोटपोट. निर्माता डोळे पुसत म्हणाला, वडील गेले तरी छान जपलंयस त्यांना. आणि ताई, माझ्या तोंडून आपोआप निघालं की हो, आणि गेले तेही बस चालवता चालवता, स्टिअरिंगवरच.

आता तेच मालिकेत घेतलंय. माझ्या पात्राच्या वडिलांचा अंत्यविधी, मी शवपेटीपाशी रडायचं, आणि जाहिरातीत सांगणार की ही खरी घटना. चित्रीकरण सव्वीसला. हा भाग चालला तर पुढच्या वर्षाचा करार पक्का; खोटं उघडं पडलं तर हकालपट्टी. मला एका जागी बसवत नाही. दिवसातून तीनदा चालायला जातो. इथे कोणी चालत नाही, कुत्री भुंकतात.

बाबांना विचारशील का, की अजून थोडे दिवस... विचारायची लाज वाटते, पण विचार. तेवढे दिवस मेलेले राहतील का?

रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा रिमास


शिकागो, १७ फेब्रुवारी

चि. रिमास यास अ. आ.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. बाबांना चष्मा सापडत नव्हता, होता डोक्यावर. ऐकून एवढंच म्हणाले की त्या तळघरात घेऊन चल. बारा वर्षांत एकदाही न आलेले बाबा शनिवारी टाय लावून पहिल्या रांगेत!

नटांनी एखादा व्यवसाय सुचवा म्हटलं, तसे बाबा उभे राहिले आणि बसमधल्या आवाजात ओरडले, मेलेला माणूस. लोक हसले. तुझ्या त्या उंच मैत्रिणीने लगेच मेलेल्याला जेवायला बसवलं. मेलेले जेवत नाहीत असं कोणीही म्हटलं नाही. त्याला वाढलं, थंडी वाजते का विचारलं, मेल्यावर रविवारची सुट्टी मिळते का विचारलं. मी पोट धरून हसले, आणि वळून बघते तर बाबांचे डोळे भरलेले.

परतताना त्यांनी विचारलं की आपल्या पोराला नाही म्हणायला कोणी शिकवलंच नाही का. तुला काय ते स्वतः लिहीन म्हणालेत. लिहितील तेव्हा लिहितील, तू वाट बघत बसू नकोस.

लोभ तेवढाच आहे.

दानुते


लॉस एंजेलिस, २६ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आज सकाळी शवपेटीपाशी दिग्दर्शकाने रड म्हणताच मी म्हटलं, नाही, माझे वडील जिवंत आहेत. सगळे हसले, त्यांना वाटलं, मी पदरचं घालतोय. पुन्हा म्हटलं, तर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा म्हटल्यावर दिग्दर्शकाने कॅमेरा बंद करायला सांगितला. दुपारी निर्मात्याने कळवलं की पुढचं ते माझ्याशिवाय बघतील.

बसचं तिकीट काढलंय, रविवारी पोचतो. दार ताईने नको, तुम्ही उघडा.

क्षमा असावी.

रिमास


शिकागो, २६ फेब्रुवारी

चि. रिमास यास आशीर्वाद.

चार कागद फाडले, हा पाचवा. उशीर झाला, पण पत्र लिहायची सवय नाही.

तुझ्या मंडळींत कोणी कोणाला नाही म्हणत नाही, हे मी पाहिलं. मी तुला आयुष्यभर तेच म्हणत आलो. नाटकाला नाही म्हटलं, घर सोडायला नाही म्हटलं. म्हणून या वेळी हो. पुरून टाक मला, थाटात. दानुतेला सांगितलेलं नाही, ती ओरडेल.

आता माझं एक जोड. स्टिअरिंगवर मेलो म्हणालास, तेवढं बदलून घे. एकतीस वर्षांत माझ्या बसला ओरखडा नाही. मला मरायचंच असतं तर आधी बस थांब्याला लावली असती, ब्रेक ओढला असता, दारं उघडून माणसं उतरवली असती. मग मेलो असतो.

तो भाग कोणत्या गुरुवारी लागणार ते कळव. ओनाबाईंना बोलावतो, म्हणजे कुगेलिस येईल.

सध्या हयात,
तुझा बाबा