उस्तादांचा अंगठा

शुक्रवार, संध्याकाळ. अंबरपेठ, उस्तादांचं गॅरेज.

हेड गॅस्केट बदलून झालं, सेल्फ मारला आणि खाडकन आवाज आला. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले. हेड परत उतरवायचं.

चूक खुणेची. जुनी गाडी, कंपनीची खूण झिजलेली. अशा वेळी हेड काढण्याआधी पहिला पिस्टन अगदी वर आणून पुलीवर खडूने खूण करतो आणि शेवटी बेल्ट त्याच खुणेवर बसवतो. उस्ताद प्लगच्या भोकावर अंगठा धरतात. आतली हवा ढकलायची थांबली की पिस्टन वर. वीस वर्षांत तो अंगठा चुकला नव्हता. या गाडीची खूणही त्यांनीच केली होती. पण शुगरने त्यांची बोटं बधिर झालीत. परवा चहाचा ग्लास पोळतोय हेही त्यांना कळलं नाही. मी पाहिलं होतं की.

मग तपासलं का नाही? बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं असतं तरी कळलं असतं. पण उस्ताद समोरच स्टुलावर बसलेले. त्यांच्यादेखत त्यांच्याच अंगठ्याची परीक्षा घ्यायची? नाही जमलं.

"निशान कौन डाला रे?" त्यांनी विचारलं. खरंच विसरले होते की मला अजमावत होते, कोण जाणे.

"मैं डाला, उस्ताद."

"इत्ते साल में इत्ता बी नै आया तेरेकू?" म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. तेव्हा मला बरं वाटलं, याचीच आता चीड येतेय.

उद्या विद्यानगरच्या मास्तरांची अशीच जुनी गाडी उघडायची आहे. जाताना उस्ताद म्हणाले, "कल निशान मैं डालतूं. तू हात नक्को लगा."