अमरवेलीला विस्तव

सौ. प्रतिभास,

बर्लिनहून सप्रेम. मी ठणठणीत आहे. लेक तृप्ती वेळेवर जेवायला घालते, भात तेवढा मीच लावतो.

तू फोनवर म्हणालीस, "कुंपणावरची अमरवेल कोयत्याने छाटली आणि वाया नको म्हणून शेवंतीला आच्छादन घातलं." वीरांगने, तिचा तुकडा न् तुकडा पुन्हा जगतो. म्हणून तर आता शेवंतीच्या दोन ओळींचा गळा आवळला गेलाय.

तृप्तीने तिच्या प्रयोगशाळेत या वेलीचे सुळे भिंगाखाली दाखवले. ते खोडात खुपसून वेल रस पिते आणि त्याच वाटेने आरएनएचे बारीक तुकडे आत सोडते. झाडाच्या पेशी बचावासाठी जे निरोप धाडतात, ते हे तुकडे वाटेतच कापून टाकतात. आधी तोंड दाबायचं, मग रक्त प्यायचं.

तेव्हा त्या दोन्ही ओळी उपटून, सुकं काड घालून तिथेच जाळ. दसऱ्याची तेवढी फुलं जातील, पण मळा वाचेल. जीवनभाऊजींना सोबत घे, धुरात एकटी थांबू नकोस. खोकला कसा आहे?

कुंपणावर ती वेल कुणी आणून सोडली, हे भाऊजींना सांगू नकोस. ग्रंथात तिला केशवर्धक म्हटलं होतं, आणि टक्कल माझंच होतं. इथे मी टोपी घेतली आहे.

तुझा अपराधी,
भागवत