ठासणीच्या नळीतले आजोबा

मी, ऑर्लिना फे स्टॅम्पर, वय सव्वीस, अविवाहित, राहणार क्वीनीज क्रीक, ब्रेथिट काउंटी, केंटकी, व्यवसाय लोकांचे दात साफ करणे, असे लिहून ठेवते की आज शुक्रवारी माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर थरथरते आहे ते भीतीने. त्याचा संबंध बुद्धीशी जोडू नये. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. वर्लिनकाका दारात उभे आहेत, पण ते नेहमीच दारात उभे असतात.

या वयात मृत्युपत्र करण्याचे कारण असे. माझे आजोबा होबार्ट स्टॅम्पर मार्चमध्ये वारले. आपली रक्षा आपल्याच लांब मस्केटमधून, म्हणजे ठासणीच्या बंदुकीतून, उडवावी, आणि ती ऑर्लीने खांद्याला बंदूक लावून उडवावी, अशी त्यांची इच्छा होती. मी हो म्हटले होते. गेल्या शनिवारी आमच्या बंदूक क्लबच्या मैदानावर सगळे जमले. थोरला मुलगा म्हणून बंदूक काकांनी भरली. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू जाते, मग बाकीचे, वर कागदाचा बोळा. काका गप्पा मारत भरत होते. मी चाप ओढला. वरची रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, भुर्रकन जळाली आणि पुढे काहीच झाले नाही.

"काका, आत दारू घातली होती ना?"

"तू लंगोटात होतीस तेव्हापासून भरतोय मी, पोरी."

"घातली होती का?"

"घातलीच असणार." मग डोके खाजवून म्हणाले, "फार तर दोनदा घातली असेल."

तेव्हापासून आजोबा नळीत आहेत. दारू नसेल तर ते नुसते अडकले आहेत. दोनदा असेल तर नळी फुटेल आणि तिच्याबरोबर मीही. आत किती भरले आहे ते मी गज घालून पाहिले, पण काकांनी रक्षा कॉफीच्या डब्यातून थेट ओतल्यामुळे त्यातले आजोबा किती आणि दारू किती, हे सांगता येत नाही. उद्या नळी मोकळी करायची आहे. म्हणून हे कलमवार लिहिते.

कलम एक. घर आणि मागची टेकडी धाकटी बहीण टॅन्झीला. संडासाची साखळी दोन झटक्यांत ओढावी लागते. पहिला झटका हळू द्यावा. तिच्या नवऱ्याने छपरावर चढू नये. मागच्या वेळी तो छपरातून सरळ स्वयंपाकघरात आला होता.

कलम दोन. भिंतीवरच्या सहा बंदुकाही टॅन्झीला. सहाही नव्या, जुन्यांच्या नकला. लेक्सिंग्टनच्या एका संग्राहकाने त्यांना "खेळणी" म्हटले होते. आजोबा त्याला म्हणाले, "तुझी अस्सल भिंतीवर झोपते, माझी नक्कल शनिवारी बोलते." त्या गृहस्थाला यांतील एकीलाही हात लावू देऊ नये. बंदूक उडवली की त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुवावी, पुसून तेल लावावे. दातांबद्दल मी लोकांना असेच सांगत असते आणि ते मान हलवून घरी जातात.

कलम तीन. सातवी बंदूक, म्हणजे आजोबांची, आजोबांसह. ती वर्लिनकाकांना मिळू नये. त्यांना ती आहे तशीच टांगायची आहे. परवा आमच्या अंगणात, क्लबचे मैदान सांभाळणाऱ्या ओपल रॅटलिफ यांच्यासमोर झालेले बोलणे असे:

"राहू दे की आत. बाप बापाच्याच बंदुकीत आहे. काय वाईट?"

"वर्लिन, जिवंतपणी तुझा बाप तुझ्या घरात जेवायलासुद्धा थांबत नव्हता. आता त्याला कायमचा टांगतोस?"

"तू मध्ये बोलू नकोस, ओपल."

"मी नाही बोलत. तुझा बाप बोलला असता, पण त्याच्या तोंडात बोळा आहे."

काकांचे दुखणे मला माहीत आहे. थोरला मुलगा असून बंदूक त्यांना मिळाली नाही. आमच्या घरात शाळा पूर्ण करणारी मी पहिली, म्हणून आजोबांनी ती मला दिली, असे ते सगळीकडे सांगतात. कारण वेगळे होते. मी दर वेळी भरण्याआधी विचारते. काकांनी कधीच विचारले नाही. माझ्या पश्चात ही बंदूक क्लबला द्यावी.

कलम चार. मला जमिनीत पुरावे. कशातूनही उडवू नये.

पुरवणी, शनिवार दुपार.

मी जिवंत आहे. वरची कलमे तूर्त लागू नाहीत.

ओपलबाईंच्या सांगण्यावरून बंदूक ट्रकच्या टायरला बांधली. रंजकेच्या छिद्रातून चिमूट चिमूट दारू आत सरकवली, चापाला दोरी लावली आणि सगळे ट्रकमागे लपलो. पहिल्यांदा नुसते फुस्स.

"बघ," काका म्हणाले, "त्याला जायचंच नाहीये."

दुसऱ्यांदा ढेकर दिल्यासारखा आवाज झाला आणि आजोबा बोळ्यासकट बाहेर येऊन करपलेल्या बिस्किटासारखे गवतावर पडले. म्हणजे दारू मुळात नव्हतीच. ते सगळ्यांनी पाहिले.

काकांनी टोपी काढली. गुडघ्यांवर बसून ते गवतातून रक्षा बोटांनी वेचू लागले. "चुकलं माझं, डॅडी," एवढेच म्हणाले, पण बराच वेळ म्हणत राहिले. मग माझ्याकडे न बघता बोलले, "ऑर्ली, तू माप धर. मी ओततो. काय घालायचं ते मोठ्याने बोल."

"दारू," मी म्हटले.

"दारू," काका म्हणाले, आणि ओतली.

असे एकेक करून भरले. मी दस्ता खांद्याला लावला आणि उडवली. आजोबा ओढ्यापलीकडे गेले. थोडे वाऱ्याने परतून जेवणासाठी मांडलेल्या बटाट्याच्या सॅलडवर बसले. ओपलबाईंनी वरचा थर काढला आणि खालचे सगळ्यांनी खाल्ले.

म्हणून कलम तीन रद्द. माझ्या पश्चात आजोबांची बंदूक वर्लिनकाकांना द्यावी. ते ती एकट्याने भरणार नाहीत, असे त्यांनी न विचारता कबूल केले आहे.

एक अडचण राहते. काकांनी काल खाली साक्षीदार म्हणून सही केली आहे, आणि ज्याला काही मिळते त्याची साक्ष धरत नाहीत. मी त्यांना विचारले, "काका, सही ठेवायची की बंदूक?" त्यांनी पेन घेऊन आपले नाव इतक्या जोराने खोडले की कागद फाटला. फाटला तो त्यामुळे; कोणी शंका घेऊ नये.

ऑर्लिना फे स्टॅम्पर (सही)

साक्षीदार:
१. ओपल रॅटलिफ (सही)
२. वर्लिन स्टॅम्पर: खोडले. खोडणाऱ्याची सही: वर्लिन स्टॅम्पर
३. ब्रदर एनिस काउडिल, पाद्री (सही)

क्वीनीज क्रीक, शनिवार, १ जून २०२४