ध्रुवयानाच्या शेवटच्या शांततेबाबत

मी, निवृत्त ध्वनिमुद्रक, वय झाले असले तरी कान शाबूत आणि डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे तर स्वखुशीने, हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे, रागाच्या भरात केलेले एक धरून, मी रद्द करतो. कलमांत आठवणी घुसडू नका, असे वकीलबाईंनी बजावले आहे. त्यांचा मान राखायचा मी प्रयत्न करीन.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावी. मागच्या खोलीच्या भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या जावयांनी लगेच उपटू नयेत. त्या कळकट आहेत हे मलाही दिसते, पण त्यांच्यामुळेच रस्त्यावरचा गोंगाट आत येत नाही.

कलम २. मायक्रोफोन, हेडफोन व टेपयंत्र माझ्या हाताखाली शिकून माझ्याही पुढे गेलेल्या साहाय्यिकेला द्यावे. मोठा मायक्रोफोन तिने कोणाला उसना देऊ नये. मागायला येणारे लोक परत करायला येत नाहीत.

कलम ३. ‘ध्रुवयान’ मालिकेचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही पाठीमागे ‘आटपा’ म्हणत असू, त्यांना माझ्याकडून काहीही मिळू नये. शेवटच्या भागाचे श्रेय ते प्रत्येक मुलाखतीत एकटेच लाटतात, ते त्यांना लखलाभ. मात्र मला निरोप द्यायला ते आलेच, तर त्यांना पुढची खुर्ची द्यावी. त्यांचे गुडघे गेले आहेत.

कलम ४. हे कलम आठवणीवाचून लिहिता येत नाही, वकीलबाईंनी क्षमा करावी. ‘ध्रुवयान’ ही घराकडे परतणाऱ्या अंतराळयानाची गोष्ट होती. ते यान बोलायचे, आणि तो आवाज माझ्या बायकोचा होता. शेवटच्या भागात यान सगळ्यांना सुखरूप उतरवते आणि स्वतः बंद पडते. लिहून आलेल्या संवादात ते पानभर भाषण ठोकत होते. बायको म्हणाली, “दमलेलं माणूस एवढं बोलत नाही.” तिने पान बाजूला ठेवले आणि यानाच्या आवाजात एवढेच म्हटले, “उतरा सगळे. मी आहे इथे.”

आमच्या धंद्यात रीत अशी, की संवाद संपला की सगळ्यांनी होते तिथे गप्प राहायचे आणि त्या खोलीची शांतता वेगळी मुद्रित करायची. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. नंतर जोडकामात मधल्या फटी त्याच शांततेने भराव्या लागतात, नाहीतर कानाला ठिगळ जाणवते. त्या दिवशी बायको मायक्रोफोनपुढून उठलीच नाही. तिचे दिवस भरत आले होते, उठबस जड जात होती. त्या शांततेत तिचा श्वास येत राहिला, आणि मध्येच ती हलकेच हसली, कारण पोटातल्या बाळाने लाथ मारली.

नियमाने ती शांतता बाद होती. आटपांनी पुन्हा घ्यायला लावली, मीही निमूटपणे घेतली, आणि शेवटच्या भागात लावली मात्र पहिलीच. पडदा काळा होतो, आणि बंद पडलेले यान श्वास घेते, हसते. यान अजून जिवंत आहे, यान माणसांना हसते आहे, असे नाना अर्थ लोकांनी काढले. एका प्राध्यापकांनी त्यावर तासभर व्याख्यान झोडले. मी पुढच्या रांगेत बसून मान डोलावली.

कलम ५. लेक वर्षाचीही नव्हती तेव्हा तिची आई गेली. घरी टेपयंत्र आणायचे नाही, हा तिचाच दंडक होता. दिवसभर यंत्रापुढे बोलते, घरी तरी माणसांशी बोलू द्या, म्हणायची. त्यामुळे लेकीसाठी आईचा आवाज उरला तो फक्त यानाचा.

आता एक कंपनी मालिका पुढे चालू करू पाहते. माझ्या बायकोचा आवाज संगणकावर घडवून त्याच्याकडून नवी वाक्ये वदवायची, असा त्यांचा बेत आहे. करारानुसार परवानगी माझ्या हातात. मी त्यांना चहाही न देता वाटेला लावले. दुसऱ्या दिवशी लेक आली. ती म्हणाली, “बाबा, मला ती मालिका नकोय. आईने एकदा माझं नाव घेतलेलं ऐकायचंय.” ते खोटे असेल, मी म्हणालो. “माहितेय मला,” ती म्हणाली, चपला घातल्या आणि गेली. तेव्हापासून आमचे बोलणे औषध घेतले का, एवढ्यावर आले आहे.

ते खोटे असेल असे मला अजूनही वाटते. खरे तर ते हुबेहूब निघेल, याचीच मला जास्त भीती वाटते. पण ती हाक मी घरात कितीदा तरी ऐकली आहे. लेकीला एकदाही ऐकल्याचे आठवत नाही, आणि नको म्हणणारा कोण, तर मी. सबब बायकोच्या आवाजाबाबतचे सर्व हक्क मी लेकीला देतो. कंपनीला हो म्हणायचे की नाही, हे तिने ठरवावे. माझा नकार माझ्याबरोबर संपेल.

कलम ६. इथून पुढे मी लेकीशीच बोलतो. त्या पहिल्या शांततेची मूळ टेप तुझी आहे. त्या हसण्याचे कारण मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. ती लाथ तुझी होती.

आणखी एक. तुझे नाव यंत्र कागदावरून वाचेल आणि चुकेल. आई ते सरळ घेत नसे. पहिले अक्षर जवळजवळ गिळायची आणि शेवट लांबवायची, तू कुठे आहेस असे विचारल्यासारखा. हे आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. म्हणून काल मागच्या खोलीत दार लावून, ती घ्यायची तसेच तुझे नाव घेऊन मी टेप करून ठेवले आहे. त्यावरून यंत्राला शिकवता येते, असे कंपनीचा माणूस म्हणाला होता. आवाज माझा, घोगरा आहे. हाक तिची आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, एकही शब्द न गाळता लिहिले आहे.

सही: निवृत्त ध्वनिमुद्रक

आम्ही त्यांना सही करताना पाहिले, व त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या:
१. खालच्या मजल्यावरचे औषध दुकानदार
२. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: सहीखाली, माझ्याच हस्ताक्षरात