सुशीलाचा फाँट

३ नोव्हेंबर, सोमवार
आज खिडकी उघडली. म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर. सात ओळी लिहिल्या, बटन दाबलं अन् एक पांढरी रिकामी चौकट टपकन वर आली. वरच्या पट्टीत नाव, 'सुशीला'. बायकोचं. मीच देल्लं. पाच मिनिटं नुसतं पाहत बसलो. बंद केली, पुन्हा उघडली. साठीले आलेला माणूस, अन् लेकरावानी खुश.
कॉम्प्युटर शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. रेणुकाताईचं लगेच आलं. (कोल्हापूरची आहे. शिवणक्लास चालवते, पायथन, म्हणजे ही कॉम्प्युटरची भाषा, माह्यापेक्षा सहा महिने आधी शिकायले लागली. तोंड पाहिलं नाही अजून.) "काका, लई भारी! आता आत दोन खोकी टाका. डावीकडं जुनं, उजवीकडं नवं."
खोके उद्या.

५ नोव्हेंबर
खोके काही बसले नाही. चूक काय तं म्हणे ओळीच्या आधी जागा कमी सोडली. अरे बाप्पा! जागेवरून भांडणं बत्तीस वर्षं गाडीत सोडवली, इथंबी तेच.
देवाजी आला होता. अकरा वर्षं साकोली-लाखांदूर एकाच गाडीवर होतो आम्ही, तो डायवर, मी कंडक्टर. "काय बे, दिवसभर त्या डब्यात डोकं घालून काय करून राहिला?"
सुशीलाच्या फाईली उघडत नाहीत, त्या वाचायचं मशीन बनवून राहिलो म्हटलं.
"मंग दे ना कोण्या शिकल्या-सवरल्याले."
चहा पेला, मान हलवत गेला.

८ नोव्हेंबर, शनि.
लिहून ठेवतो, नाहीतं स्वतःलेच खोटं सांगन पुढं.
सुशीलाचं दुकान, मेन रोडवर, एकवीस वर्षं. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका. टाईप करे जुन्या फाँटात. तो फाँट एका प्रेसवाल्यानं तिले देल्ला होता, त्यात काही अक्षरं त्यानं स्वतःच इकडची तिकडं केलेली. प्रेसवाला आता नाही. फाँट होता तो फक्त तिच्या कॉम्प्युटरमध्ये. अन् मागच्या वर्षी ती गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तो कॉम्प्युटर मीच भंगारात देल्ला. धूळ खाऊन राहिला म्हणून. कोणी सांगतलं नव्हतं, मीच देल्ला.
राहिला एक पेनड्राइव्ह. एक्केचाळीस फाईली. उघडलं की कंस, टक्क्याची खूण, इंग्रजी अक्षरं, काही अर्थ नाही. नेटवरचे तयार कन्व्हर्टर लावून पाहिले, अर्धं मराठी, अर्धं भुताचं.
चाळीस फाईली गिऱ्हाइकांच्या. एकीचं नाव नुसतं 'माझं'.

९ नोव्हेंबर
ग्रुपमधला निखिल, पुण्याले नोकरीत आहे, त्यातलं सगळं येते त्याले. "सर, फाईल पाठवून द्या, पाच मिनिटांत करून देतो. तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?"
नाही पाठवली. माह्या बायकोनं काय लिहिलं ते माह्या आधी पुण्याच्या पोट्ट्यानं वाचायचं? त्याले राग आला असन तं येऊ दे. रेणुकाताईनं खाली एवढंच टाकलं, "काकांना करू दे. मी सोबत हाय."
रडायले आलं, उगाच.

१२ नोव्हेंबर
सापडली! कपाटात पत्रिका सापडली. पुतण्याच्या लग्नाची, छापील. अन् तीच पत्रिका पेनड्राइव्हमध्ये फाईल म्हणून आहे. एका हाताले छापलेली, दुसऱ्या हाताले भुताची. आता अक्षराले अक्षर जुळवायचं. 'मंगल परिणय' पासून सुरू केलं. रजिस्टरात दोन रकाने, डावीकडं खूण, उजवीकडं अक्षर.
पंचावन्न झाले. डोळे चुरचुरून राहिले.

१७ नोव्हेंबर, सोम.
टेबल पुरं झालं वाटलं. एकशे साठच्या वर खुणा. प्रोग्रॅममध्ये टाकल्या, पत्रिका डावीकडं चिटकवली, बटन दाबलं.
'मंगल पिरणय.'
हसू की रडू. मंग एका गिऱ्हाइकाचा अर्ज लावून पाहिला. वरच मोठ्या अक्षरात, 'अजर्'. खाली 'अजर्दार'. विनंतीची वेलांटी तं एकटीच ओळीच्या सुरुवातीले लटकलेली, खाली टिपक्याटिपक्यांचा एक गोल. सुशीलाच्या दुकानातला एकूण एक अर्ज अजर होऊन राहिला, अन् ती स्वतः...
बंद केलं.

१८ नोव्हेंबर
रे.ताईनं फोन करून समजावलं. पहिल्यांदा आवाज आयकला, भरभर बोलते. म्हणे जुन्या फाँटात जसं कागदावर दिसतं तसं टाईप करायचे. वेलांटी डाव्या बाजूला दिसते ना, म्हणून ती आधी दाबायची, अक्षर मागून. नव्या पद्धतीत अक्षर आधी, वेलांटी नंतर. "तेवढं उलटसुलट तुमच्या प्रोग्रॅमला शिकवा, काका."
मले एकदम तिचा हात दिसला. डावं बोट आधी पडे, मंग उजवं. टक-टक. मी डबा घ्यायले दुकानात उभा राहो, "झालं का वो?" म्हणून घाई करो. ती मान वर न करता म्हणे, "दोन मिनिटं." एकदाही इचारलं नाही का ते डावं बोट काहून आधी पडते.
तिची लय आठवण आली आज. जेवलो नाही.

२१ नोव्हेंबर
वेलांटी जागेवर. 'परिणय' परिणय झालं. पण पत्रिकेतली 'सुशीला' फुटून राहिली! 'श'चे दोन तुकडे पडते, काना बाजूले.
दुपारभर डोकं खाजवलं तेव्हा कळलं. जुन्या फाँटात 'श' दोन खुणांचा आहे, अर्धा श अन् पुढं काना. मी आधी सुट्टे काने बदलून टाकतो, मंग 'श' जुळायले उरते काय? म्हणजे दोन-तीन खुणांची अक्षरं पहिले बदलायची, एकट्या खुणा शेवटी. धत् तेरी! हे तं मी आयुष्यभर ओरडत आलो. लांबचे आधी चढा, मधल्या स्टॉपवाले मागून.
ग्रुपवर तसंच लिहिलं. निखिलनं पहिल्यांदा हसणारा चेहरा टाकला. "सर, हे मी आता सगळ्यांना असंच शिकवणार."
साडेचारले 'सुशीला' नीट आली. उजव्या खोक्यात, मोठ्या अक्षरात.

३० नोव्हेंबर, रवि.
नऊ दिवस लिहिलं नाही. धान मळणीले आलं, भावाच्या शेतात होतो. मनात 'अर्ज'चा रफारच, तो अजून जागेवर नाही. तुडतुड्यानं खाल्लेल्या धानाच्या बांधीतबी रफारच.
देवाजी म्हणे मंडईच्या जत्रेचं नाटक आहे, चाल. नाही गेलो. "वहिनी गेली अन् तूबी गेल्यासारखाच आहे बे," म्हणाला. खरं बोलला, पण चिडलो.

९ डिसेंबर
रफार जमला. रे.ताई अन् मी तीन दिवस भिडलो त्याच्याशी. तिचा क्लास सुटला की ती, माही आंघोळ-वंदना झाली की मी. शेवटी चूक सापडली तिच्या सहाव्या इयत्तेतल्या पोरीले. "आई, काना असला तर कान्याच्याबी मागं जायला पाहिजे ना?" बस्स.
चाळीस फाईली लागोपाठ लावल्या. सगळ्या मराठीत.

१० डिसेंबर
सकाळपासून अर्ज वाचून राहिलो. कोंढ्याच्या एका बाईचा, नवऱ्याच्या पेन्शनसाठी. (कोंढा म्हणजे सुशीलाचं माहेर, तिकडची माणसं हिच्याकडंच येत.) एकाचा वीज जोडणीचा, एकीचा पोरीच्या वसतिगृहाचा. माणूस सांगे काय अन् ही लिहे कसं! 'माझी परिस्थिती आपणांस ज्ञात नसावी, म्हणून नम्रपणे सांगते.' हे त्या बाईचं नाही, हे सुशीलाचं आहे. घरी तं चार शब्दांत बोले. 'जेवता का.' 'उशीर होईन का.' मीबी तेवढ्यातच उत्तर देत होतो.
'माझं' उघडली नाही.

२१ डिसेंबर, रवि.
नागपूरवरून पोरीचा फोन. "बाबा, तयार आहे ना सगळं? मंग वाचत काहून नाही? मी येऊ का, मी वाचून दाखवते."
नको म्हटलं.
भेव वाटते. इथं लिहितो, तिले नाही सांगणार. गाऱ्हाणी असतीन तं? त्याचा हक्क होता तिले. अन् काहीच नसन तं? किराण्याची यादी निघाली तं? ते त्याच्याहून वाईट. आत्ता जोवर उघडली नाही तोवर तिचं एक बोलणं बाकी आहे माह्यासाठी. उघडली का संपलं.

४ जानेवारी, रविवार
उघडली.
पहिली ओळ, 'सकाळची गाडी आली. खिडकीत नव्हते.'
दुसरी, 'दुपारची आली. गर्दी. दिसले नाही.'
तिसरी, 'सकाळची. पाठ दिसली. खाकी शर्ट धुवाले पाहिजे.'
कळेचना आधी. कोणती गाडी, कोण दिसलं नाही. चौथ्या ओळीले कळलं. आमचीच गाडी. माही. दिवसाले दोनदा दुकानासमोरून जात होती, अन् ही लिहून ठेवत होती.
त्याच्या पुढं वाचू शकलो नाही.

५ जानेवारी
प्रोग्रॅम बदलला. आता सगळी फाईल एकदम दिसत नाही. एक बटन टाकलं, 'पुढची ओळ'. दाबलं का एकच ओळ येते. रे.ताईनं विचारलं, "काका, एवढं चांगलं चालत होतं, मध्येच ब्रेक कशाला लावला?" म्हटलं, लवकर सरू नये म्हणून. मंग बटन तिनंच नीट मधोमध बसवून देल्लं.

१३ जानेवारी
दिवसाले एक ओळ. आजची, 'हात केला! तिकीट देता देता केला. मलेच केला का दुसऱ्या कोणाले, माहीत नाही.'
मलेबी माहीत नाही, सुशीला. आठवूनच नाही राहिलं. दुकान यायचं तेव्हाच पुढच्या स्टॉपचे तिकीट काढायचे राहत, मशीनमध्ये डोकं. आज खूप जोर लावून पाहिला, एक तरी दिवस आठवावा म्हणून. डोळ्यापुढं फक्त मशीन येते.

१९ जानेवारी, सोम.
'देवाजी भाऊनं आजबी हॉर्न मारला. हे मागंच होते.'
वाचलं अन् तसाच देवाजीच्या घरी गेलो. तो कोंबड्यांले दाणे टाकून राहिला होता. काय बे, तू दुकानापाशी हॉर्न मारत होता?
"रोज. काहून?"
कायले मारे?
"कायले म्हणजे? वहिनी दारात येऊन उभी राहे ना. मी हॉर्न मारो, ती हात करे, मी हात करो. अकरा वर्षं. तुले आयकू नाही आलं का?"
सांगतलं काहून नाही कधी?
"अबे, मले काय माहीत तुले माहीत नाही! मले वाटे तूबी मागून करत असशीन."
उभ्या उभ्या त्याचा असा राग आला का सांगता सोय नाही. त्यानं रोज पाहिली तिले. दिवसाले दोनदा. पगार आम्ही दोघांनी एकाच गाडीचा घेतला. घरी येऊन ग्रुपवर गेलो, कोणाले काही लिहिलं नाही, परत आलो. देवाजीची काय चूक, काहीच नाही.

२७ जानेवारी
काल चार ओळी वाचल्या, राहवलं नाही. तीनमध्ये मी दिसलो नाही. चौथीत सुट्टीवर होतो, तरी ती दारात जाऊन आली. 'माहीत होतं आज रजा आहे. तरी गेली.' मी तेव्हा घरीच होतो. पाचशे पावलांवर. झोपलो असन.

८ फेब्रुवारी, रविवार
आजची ओळ मोठी आहे.
'मे महिन्यात हे रिटायर होतीन. मंग गाडी नाही, रोज घरीच. मले तं हे दिसतीन. मी यांले दिसन का?'
मे ते सप्टेंबर. चार महिने मिळाले होते. मी चौकात देवाजीसोबत पत्ते खेळलो. दुकानात गेलो असन दोन-तीनदा, मोबाईल चार्ज कराले. मंग सप्टेंबरात ती दवाखान्यात, अन् सहा दिवसांत सगळं आटोपलं. हे लिहून ठेवायले लाज वाटून राहिली, पण दुसऱ्या कोणाले सांगू.
पुढं ओळी आहेत का नाही, पाहिलं नाही. बटन दाबलं नाही.

१० फेब्रुवारी
रे.ताईले विचारलं, हे उलटं करता येते का? नव्याचं जुनं. आपण साधं मराठी लिहायचं, अन् ते तिच्या फाँटातल्या खुणांमध्ये जायले पाहिजे.
"येतंय की. पण काका, जुनं करून कुणाला देणार? आता ते कोण वाचणार?"
वाचणार कोणी नाही म्हटलं. त्या ओळीच्या खाली लिहायचं आहे.
तिचं मंग आलं, "टेबल उलटं करायला घ्या. अडलं की सांगा."

१२ फेब्रुवारी, गुरु.
उत्तर काय लिहायचं ते सुचून नाही राहिलं. 'हौ' लिहिलं तं खोटं होईन. 'नाही' लिहायले हात धजत नाही.
सकाळपासून टेबल उलटं करायले बसलो. बावीस अक्षरं झाली.