मॅचच्या आधीचा फोटो

१८ नोव्हेंबर १९५९, अमरावती

तिसरा बॅक! आमच्या कॉलेजात! कालपर्यंत ज्यांना फुटबॉलची लेस नीट बांधता येत नव्हती, ते आता मला खेळ शिकवणार!

झालं असं. नेहमीप्रमाणे मैदानावर संत्री मांडली. एक गोलकीपर, दोन बॅक, मध्ये तीन, पुढे पाच. ही माझी शिकवायची पद्धत. फळ्यावर काढलं की पोट्टे जांभया देतात, संत्र्यांकडे मात्र डोळे लावून बसतात, कारण नंतर ती खायची असतात. याच मांडणीवर एक्कावन्न साली अकोल्याच्या कॉलेजला अकोल्यात हरवून शील्ड आणली. दोन गोल केले, एकही खाल्ला नाही. मागे दोनच बॅक असून!

ओमप्रकाश आमचा कॅप्टन, खेळतो सेंटर हाफला, म्हणजे मधल्या तिघांच्या मधोमध. तो वाकला आणि मधलं संत्रं उचलून दोन बॅकांच्या मध्ये ठेवलं. म्हणतो, "सर, मी मांगंच राहिलो तं? आजकाल समदे असेच खेळून राहिले. अकोलेवाले बी." मी ते संत्रं घेतलं, सोललं आणि सगळ्यांदेखत खाऊन टाकलं. प्रश्न मिटला!

१९ नोव्हेंबर

घसा बसला. संत्रं आंबट होतं.

६ डिसेंबर

सकाळी एक्कावन्नचा फोटो पुसला. रविवारचा नेम आहे माझा. काय ती टीम! मधोमध मी, छाती काढून. तेव्हा छाती आणि पोट वेगवेगळे ओळखू यायचे. माझ्या पुढ्यात पंजाबराव, आमचा तेव्हाचा सेंटर हाफ, पायाला फडकं बांधलेला. मॅचमध्ये लागलं बिचाऱ्याला, तरी शेवटपर्यंत लढला! ही गोष्ट मी दरवर्षी नव्या पोरांना सांगतो. सांगताना दरवर्षी माझाच गळा भरून येतो. आता तोच अकोल्याचा कोच झालाय आणि तीन बॅक खेळवतो. गुरूची विद्या गुरूला!

फोटोत मध्ये एक रिकामं स्टूल आहे. ते शील्डसाठी. फायनलचा फोटो मी मॅचच्या आधी काढून घेतो — जिंकायचंच आहे तर थांबायचं कशाला? त्यानंतर तीनदा फायनलला गेलो, तिन्ही वेळा स्टूल मांडलं. ते फोटो ट्रंकेत आहेत.

गोदावरी चहा ठेवून गेली. "अहो, तुमचं ते एक्कावन्न साल चुलीवर ठेवा. आंघोळीचं पाणी तरी तापेल."

बायकांना फुटबॉल कळत नाही.

११ जानेवारी १९६०

यवतमाळला सेमीफायनल जिंकलो, १–०. तरी डोकं फिरलंय! ओमप्रकाश पूर्ण वेळ मागे राहिला. मी शिट्ट्या मारतोय, हात हलवतोय, टोपी हलवतोय — लोकांना वाटलं मास्तरांना गांधीलमाशी चावली. तो ढिम्म. यवतमाळवाले आले की याच्यावर आपटून परत जायचे. मॅच संपल्यावर म्हणाला, "सर, गोल तं नाई ना झाला आपल्यावर?"

म्हटलं, तू पुढे असतास तर पाच गोल केले असते आपण. म्हणाला, "अन् सहा खाल्ले असते."

सगळे हसले. गोलकीपरसुद्धा! फायनलला तू बाहेर बसशील, म्हटलं. मग कोणी हसलं नाही.

१३ जानेवारी

इतवारा भाजीबाजारात गेलो आणि सापडलो. ओमप्रकाशची आई, पार्बताबाई, तिथेच मेथी-पालक घेऊन बसते हे विसरलोच. जुडी हातात देता देता म्हणाली, "मास्तर, पोट्ट्याले काहून बसवलं? नागपूरचे सायेब अकोल्याले येऊन राहिले म्हंते पाहाले. युनिवरसिटीच्या टीममंधी घेतलं तं रेल्वेत लागते म्हंते पोरगा. मले समजत नाई त्यातलं. पण बसून असलेल्याले कोन पाह्यते?"

मी शिस्तीवर बोललो. पुष्कळ बोललो. शेजारची कांदेवाली पण ऐकत होती. पार्बताबाई एवढंच म्हणाली, "बरं बापा. तुमी शिकलेले."

मेथी निवडताना गोदावरी म्हणाली, अर्धी किडकी आहे. मला वाटतं, मुद्दाम दिली.

१७ जानेवारी, अकोला

०–४.

फोटो आधी काढला होता. स्टूल मांडून.

१८ जानेवारी, अमरावती

काल पुढे लिहवलं नाही. आमचे पाच जण पुढे उभे राहून चेंडूची वाट बघत होते, पाहुणे पंगतीत वाढप्याची बघतात तसे. मागे अकोल्याची पोरं सरळ आत येत होती, दार उघडं असल्यासारखी. ओमप्रकाश माझ्या शेजारी बाकावर. मध्यंतरानंतर नागपूरचे साहेब उठून चहाला गेले ते आलेच नाहीत. त्यांनी अकोल्याची तीन नावं घेतली. आमचं एकही नाही.

पंजाबराव येऊन पाया पडला. "सर, बुरा नका मानू." मी म्हणालो, मैदान खराब होतं. दोन्ही टीमना तेच मैदान होतं हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

२० जानेवारी

पंजाबराव तिळगूळ घेऊन घरी आला. सासुरवाडी आमच्याच गल्लीच्या मागे. मी मुकाट्यानं तिळगूळ खाल्ला. तो उठून भिंतीवरचा फोटो बघत बसला आणि एकदम खो खो हसायला लागला.

"हे फडकं पाहा सर! दोन दिस आंदी बाभळीचा काटा घुसला होता. टाच टेकवत नव्हती. तुमाले सांगतलं असतं तं तुमी काढूनच टाकलं असतं मले. मंग काय करता! पुढं धावता येत नाई, म्हून पुरी मॅच मांगंच राहिलो. दोन बॅकच्या मंधात."

म्हटलं, पुरी मॅच?

"पुरी. एक गोल नाई होऊ देला. तवाच तं समजलं मले, हे बेस हाय. अकोल्याच्या पोट्ट्याइले मी सांगत असतो — हे मी मोरोपंत सरांच्या टीममंधी शिकलो."

आणि मी कुठे होतो तेव्हा?

"तुमी त्याइच्या गोलपाशी उभे होते ना सर. आमच्या पाच जनाइले ओरडून राहिले होते."

मी शेवटचं चाचपून पाहिलं. म्हटलं, पण तुला तर मॅचमध्ये लागलं होतं ना रे?

तो फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "सर, फोटो मॅचच्या आंदीचा हाय."

आतून गोदावरीच्या हसण्याचा आवाज. भांडं पडल्याचा आवाज. परत हसणं. मीही हसलो. काय करणार! दर रविवारी ते फडकं या हातानं पुसलं. माझी पद्धत म्हणून जिचा डंका पिटला, ती त्या दिवशी मैदानावर नव्हतीच. एका काट्यानं शील्ड जिंकली आणि हार मी घातला!

पंजाबराव गेला आणि हसू गेलं. ओमप्रकाश डोळ्यांपुढून हलेना. लाज वाटली. पोराची नोकरी मी संत्र्यासारखी सोलून खाल्ली.

२२ जानेवारी, तिवसा

नागपूरच्या मोटारीचं टायर पंक्चर झालंय म्हणून इथे बसून लिहितो. नागपूरच्या साहेबांचा पत्ता पंजाबरावनं दिला. ओमप्रकाश शेजारी आहे. यायला तयार नव्हता. पार्बताबाईनं ढकलला — "जाय. अन् मास्तर, या खेपेले बसवून नका ठेवू."

आत्ता विचारतोय, "सर, सायेबानं इचारलं का फायनल काहून नाई खेयला, तं काय सांगू?"

म्हटलं, तू काही सांगू नकोस. मी सांगतो.

फोटो भिंतीवरून काढून पिशवीत घेतलाय. साहेबांना फडकं दाखवायचं आहे.